नांगराच्या कारखान्यातली मासिके

सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी हे गाव वसले ते लोखंडी नांगराच्या कारखान्यामुळे. मराठी वाचकांच्या घरात मात्र या गावाचे नाव पोहोचले ते मासिकांमुळे. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ या तिन्ही मासिकांचा जन्म कारखान्याच्या आवारातला. पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून दूर, ओतशाळेच्या शेजारी, मराठी कथा, निबंध आणि व्यंगचित्र यांना एका उद्योगाने हक्काचे घर दिले. महाराष्ट्रातील उद्योगांनी कलेला दिलेल्या आश्रयाचा हा सर्वांत फलदायी प्रकार म्हणावा लागेल.

या आश्रयाचे मूळ संस्थापकाच्या तरुणपणात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांना चित्रकार व्हायचे होते. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण आपल्याला काही रंगांतला फरक कळत नाही, हे तिथे त्यांच्या ध्यानात आले आणि रंगचित्रांचा नाद सोडावा लागला. रेषेवर हुकमत होती. म्हणून ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. ती नोकरी सोडून त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालवले, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवायला घेतले. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने हे नांगर सुरुवातीला कोणी घेईना.

बेळगावातील कारखान्याची जागा नगरपालिकेला हवी झाली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. औंधच्या यमाई मंदिराच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे होते. त्यातून दोघांचा स्नेह जुळला होता. बाळासाहेब स्वतः चित्रकार. चित्ररामायण त्यांनी रंगवले, महाभारताच्या संशोधित आवृत्तीला आर्थिक साहाय्य केले आणि १९३८ मध्ये औंधला संग्रहालय उभारले. अशा राजाने कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगांनी भरलेला माळ कारखान्याला दिला आणि १९१० मध्ये तिथे वसाहत उभी राहिली. रंग दगा देऊन गेलेला कारखानदार आणि रंगांत रमणारा संस्थानिक यांच्या मैत्रीतून हे गाव वसले, ही गोष्ट पुढचे सारे समजून घेताना विसरता येत नाही.

मासिकाची कल्पना लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव (शं. वा.) किर्लोस्कर यांची. लाहोरला पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्या हाताखाली त्यांनी चित्रकलेचे धडे घेतले होते. कारखान्यात त्यांच्याकडे विक्री आणि जाहिरातीचे काम आले. परदेशी कंपन्या गिऱ्हाइकांसाठी स्वतःची पत्रके काढतात, तसे काही आपणही काढावे, या विचारातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झाले. नांगर कसा धरावा, कोणत्या जमिनीला कोणता फाळ लागतो, हे शेतकऱ्याला सांगणे हा त्याचा उघड हेतू होता. पण हळूहळू त्यात व्यवसायाच्या हकिगती, आरोग्य, प्रवास आणि कथा येऊ लागल्या. वाचक वाढले, तसा नांगर मागे पडत गेला. नावातली ‘खबर’ही गळाली आणि ‘किर्लोस्कर’ हे स्वतंत्र मासिक झाले. जाहिरातीसाठी काढलेल्या अंकातून जाहिरातच बाजूला सरू द्यायला मोठे मन लागते. कंपनीने ते दाखवले, हे तिचे खरे औदार्य.

शंकररावांची व्यंगचित्रे ‘टाकांच्या फेकी’ या नावाने येत. टाक दौतीत बुडवून झटकला की शाईचे शिंतोडे उडतात आणि ज्याच्या अंगावर पडतील त्याला ते पुसत बसावे लागते. नाव अगदी नेमके होते. अंधश्रद्धा, सोवळेओवळे, ऐतखाऊपणा यांवर त्यांचा रोख असे. अशा रेषाचित्राला छपाईचीही सोय होती: जस्ताचा ठसा केला की तो खिळ्यांच्या मजकुराशेजारी बसवून साध्या कागदावरही स्वच्छ उठतो. अक्षरओळख जेमतेम असलेल्या वाचकालाही चित्र कळे. मराठी व्यंगचित्रकलेच्या आरंभकाळात शंकररावांचे स्थान पहिल्या ओळीतले आहे.

१९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. ‘मनोहर’चा ओढा तरुण वाचकांकडे होता. ‘किर्लोस्कर’मध्ये सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध छापून आले आणि त्यांवर वाद झडले. ‘स्त्री’चे काम याहून खोलवर गेले. शिक्षण, प्रौढविवाह, घटस्फोट, मिळवत्या बाईचे घरातले स्थान हे विषय कथा, लेख आणि पत्रांतून तिथे मोकळेपणाने आले. कधी न लिहिलेल्या बायकांनी या मासिकासाठी पहिल्यांदा लेखणी हातात घेतली. देणगी देऊन सभागृह बांधता येते. लिहिणाऱ्यांची पिढी घडवायला मात्र महिन्याच्या महिन्याला, वर्षानुवर्षे अंक काढावा लागतो.

गांधीहत्येनंतर उसळलेल्या १९४८ च्या जाळपोळीत किर्लोस्करवाडी होरपळली. पुढे मासिकांचा संसार पुण्याला हलला आणि शंकररावांचे चिरंजीव मुकुंदराव किर्लोस्कर यांनी संपादनाची धुरा सांभाळली. शंकररावांनी काकांचे चरित्र ‘यांत्रिकाची यात्रा’ या नावाने आणि आत्मचरित्र ‘शंवाकीय’ या नावाने लिहिले. १९७५ मध्ये ते वारले. १९८० च्या दशकात मासिके किर्लोस्करांच्या हातून गेली. ‘स्त्री’मध्ये दोन दशकांहून अधिक काळ काम केलेल्या विद्या बाळ यांनी ऑगस्ट १९८९ मध्ये पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ हे मासिक सुरू केले.