हांगारच्या मातीतील एक मराठी नाव

फ्रान्समध्ये आमियाँ शहराच्या आग्नेयेस हांगार नावाचे एक लहानसे खेडे आहे. गावच्या दफनभूमीला लागूनच पहिल्या महायुद्धात पडलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांची थडगी आहेत. एकाच घडणीच्या त्या पांढऱ्या शिळांत एक शिळा मुंबईच्या एका मराठी तरुणाची आहे. त्याचे नाव श्रीकृष्ण वेलिंगकर. हुद्दा लेफ्टनंट, दल रॉयल एअर फोर्स, मृत्यू ३० जून १९१८. वयाची चोविशी पुरी व्हायला अजून चार महिने होते.

पहिल्या महायुद्धातील मराठी माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पलटणीतला शिपाई येतो. मेसोपोटेमियाच्या वाळूत लढलेला, कुतच्या वेढ्यात उपाशी राहिलेला. त्या शिपायाला चढून चढून कोठवर चढता येई? सुभेदार-मेजरपर्यंत. तीस वर्षे चाकरी केलेला सुभेदार-मेजर विलायतेहून कालपरवा आलेल्या कोवळ्या सेकंड लेफ्टनंटच्या हाताखालीच राही. कारण राजाच्या सहीची सनद, म्हणजे किंग्ज कमिशन, ही युरोपीय रक्ताच्या माणसांसाठी राखलेली होती. मरणाला मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो हुकूम देण्याला.

वेलिंगकर केंब्रिजला शिकत होता. युद्ध पेटले, बरोबरीची इंग्रज मुले भराभर अधिकारी होऊन रणावर गेली. विमानविद्या तेव्हा नुकती बाळसे धरत होती आणि यालाही वैमानिक व्हायचे होते. तो उड्डाण शिकला आणि रॉयल फ्लाइंग कोअरच्या दाराशी गेला. तेथे त्याला सुचवण्यात आले ते असे, की हवे तर मेकॅनिक म्हणून भरती हो. विमानाचे नटबोल्ट आवळायला हिंदी हात चालत होते, विमान चालवायला नव्हते. वेलिंगकराने ही पायरी पत्करली नाही. तो अडून राहिला, आणि अखेर १९१७ साली त्याला अधिकाऱ्याची सनद मिळाली.

त्या काळी असे चौघे हिंदी तरुण त्या दलात वैमानिक झाले. रावळपिंडीकडचा हरदित सिंग मलिक हा ऑक्सफर्डचा विद्यार्थी. तो पगडीवर बसेल असे खास शिरस्त्राण करवून उडत असे. कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय याने जुलै १९१८ च्या अवघ्या दोन आठवड्यांत शत्रूची दहा विमाने निकामी केली आणि २२ जुलैला तो स्वतः पडला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. तिसरा सेन, सप्टेंबर १९१७ मध्ये जर्मनांच्या हाती सापडला व युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिला. चौथा आपला वेलिंगकर.

वेलिंगकराची नेमणूक तेविसाव्या स्क्वाड्रनमध्ये झाली. तिच्याकडे 'डॉल्फिन' जातीची विमाने होती. हे एकट्याने चालवायचे विमान. त्याची घडण मोठी चमत्कारिक होती. वरच्या पंखाच्या मधोमध उघडी चौकट, आणि तीतून वैमानिकाचे डोके बाहेर. त्यामुळे वरचे आभाळ स्वच्छ दिसे; पण उतरताना विमान उलटले तर पहिला आघात मानेवर. पुढे दोन मशिनगन, शेजारी धडधडणारे इंजिन, आणि वीस हजार फुटांवरची हाडे गोठवणारी थंडी. हवाई छत्री ब्रिटिश वैमानिकांना त्या युद्धात दिलीच जात नसे. विमानाने पेट घेतला तर आगीत राहायचे की उडी टाकायची, एवढीच निवड उरे.

१९१८ च्या मार्चमध्ये जर्मनांनी निर्वाणीची चढाई केली. त्यांचे सैन्य आमियाँच्या वेशीपर्यंत येऊन थडकले. जूनमध्ये आघाडी तेथेच गोठलेली होती. २७ जूनला वेलिंगकर गस्तीवर गेला आणि परतला नाही. तो जखमी होऊन जर्मनांच्या हाती पडला होता. तिसऱ्या दिवशी कैदेतच त्याचा प्राण गेला.

याच जून महिन्यात मुंबईत काय चालले होते? १० तारखेला टाउन हॉलमध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी युद्धपरिषद भरवली होती. लोकमान्य बोलायला उभे राहिले. सैनिक हवेत तर हक्कही द्या, हा त्यांचा रोख ओळखून गव्हर्नरांनी त्यांना मध्येच अडवले आणि टिळक सभा सोडून निघून गेले. त्याच वर्षी त्यांनी गांधीजींकडे ५०,००० रुपयांचा चेक पाठवला होता. तुम्ही सरकारकडून हिंदी लोकांना अधिकारपद देण्याचे वचन आणा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देतो. न दिली तर ही रक्कम जप्त करा, असा तो पण होता. गांधीजींनी चेक परत केला. टिळक जी गोष्ट सभेत मागत होते, ती मिळवून एक मराठी मुलगा त्या घटकेला फ्रान्सच्या आभाळात उडत होता, आणि सतरा दिवसांनी कोसळणार होता.

मरणानंतरही नावाचा वनवास संपला नाही. जर्मनांनी त्याला रूव्ह्रवा येथे पुरले, पण क्रुसावर नाव उमटले ते 'वुमकार'. परक्या कारकुनाच्या हाती मराठी आडनावाची अशी गत झाली. हा वुमकार म्हणजेच वेलिंगकर, हे कळायला १९२१ उजाडले. मग हांगारला शिळा उभी राहिली. तिच्यावर इंग्रजीत कोरले आहे, की साम्राज्याच्या अत्यंत शूर पुत्रांपैकी एकाच्या गौरवस्मृतीस.

हे शब्द आमच्या मुळशी खोऱ्यात वाचून दाखवले, तर ऐकणारा चुळबुळतो. कारण तेच १९२१ साल आमच्याकडे निराळ्या अक्षरांत लिहिलेले आहे. त्या वर्षी १६ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. त्याचे सेनापती पांडुरंग महादेव बापट. तेही शिष्यवृत्तीवर विलायतेला शिकायला गेलेले. ब्रिटिश राजवटीविरुद्ध भाषण केले म्हणून शिष्यवृत्ती गेली. पॅरिसला जाऊन ते बाँबची विद्या शिकले आणि ती घेऊन मायदेशी आले. एकाने साम्राज्याविरुद्ध बाँबची कृती आणली, दुसरा साम्राज्याच्या विमानात बसला. मग एक देशभक्त आणि दुसरा राजनिष्ठ, असा निकाल देऊन आपण मोकळे व्हायचे काय?

मला तसे वाटत नाही. मार्ग उलटे होते यात शंका नाही, आणि बापटांनी सोसले ते अधिक. पण विलायतेत दोघांनाही तीच भिंत लागली होती. 'तू हुशार असशील, शूर असशील, तरी आमच्या बरोबरीचा नाहीस,' हे तिच्यावर लिहिलेले होते. एकाने ती पाडायचे ठरवले. दुसरा तिच्यातल्या बंद दाराशी उभा राहिला आणि उघडेपर्यंत हलला नाही. मेकॅनिक होऊन तो कदाचित जगला असता. साम्राज्याने शिळेवर त्याला पुत्र म्हटले खरे. पण जिवंतपणी तो पुत्र म्हणून नव्हे, बरोबरीचा माणूस म्हणून उभा राहायला निघाला होता.

हिंदी हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झाले, वेलिंगकर गेल्यानंतर चौदा वर्षांनी. वर्गात पहिल्या महायुद्धाचा धडा येतो, तेव्हा पुस्तकात तारखा असतात, तह असतात, राजांची नावे असतात. मी फळ्यावर आणखी एक नाव लिहितो, शुद्ध, देवनागरीत: श्रीकृष्ण वेलिंगकर. मुलांनी ते वहीत उतरवून घ्यावे, एवढाच माझा आग्रह असतो. एकदा चुकीचे लिहिले गेलेले नाव आपल्या लिपीत तरी नीट लिहिले जावे.