चाकाची साक्ष : टायर एकाच बाजूने का झिजतो?

१/ लातूर-अंबाजोगाई रस्त्यावर रेणापूर लागते. या रस्त्याने धावणाऱ्या एखाद्या मोटारीचा टायर काढून पाहिला, तर कधी कधी त्याची आतली कड गुळगुळीत झालेली आणि बाहेरची नक्षी जशीच्या तशी दिसते. दोष बहुधा रबराचा नसतो. चाक, कणा, भार आणि रस्ता यांचे कुठेतरी बिनसले, याची ती साक्ष असते. ही साक्ष वाचण्याची विद्या मोटारीहून जुनी आहे.

२/ मराठीत ‘चाकोरी’ म्हणजे गाड्यांच्या चाकांनी मातीत पाडलेली खोलगट वाट. ‘चाकोरीबद्ध जगणे’ म्हणताना आपण ती माती विसरतो. चाक रस्त्याला घडवते आणि रस्ता चाकाला झिजवतो, हे या एका शब्दाने जपून ठेवले आहे.

३/ बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव असे. लोहार ती तापवून फुगवी, चाकावर चढवी आणि पाणी ओतून आवळे. तुंब्याचे भोक झिजून मोठे झाले, की चाक कण्यावर डुगडुगे आणि धाव एका कडेने घासू लागे. अशा वेळी धाव बदलून भागत नसे. आधी तुंबा दुरुस्त करावा लागे.

४/ याच प्रश्नावर १८व्या शतकात इंग्लंडमध्ये कायदे झाले. अरुंद चाके रस्ते कापतात, म्हणून १७५३च्या कायद्याने जड मालगाड्यांना किमान ९ इंच रुंदीची चाके सक्तीची केली. पण तिथली चाके कण्यावर तिरकी बसवलेली असत. रुंद धाव जमिनीवर सपाट टेकावी म्हणून कारागिरांनी तिला शंकूचा आकार दिला.

५/ इथेच घोळ झाला. शेंगदाण्याची कागदी पुडी आडवी लोटली, तर ती सरळ न जाता गोल फिरते, कारण तिच्या दोन टोकांचे घेर वेगळे असतात. शंकूसारखे चाक बळजबरीने सरळ ओढले, की त्याचा काही भाग फिरण्याऐवजी फरफटतो. घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७९७च्या सुमारास हेच दाखवून दिले. रस्ता वाचवणारे चाकच रस्ता दळत होते आणि स्वतःही झिजत होते.

६/ गंमत अशी, की रेल्वेत तोच शंकू उपकारक ठरतो. दोन्ही चाके एकाच कण्याला घट्ट जोडलेली असल्याने वळणावर बाहेरचे चाक मोठ्या घेरावर आणि आतले लहान घेरावर सरकते. त्यामुळे फरफट कमी होते. १९११ साली लातूरला पोहोचलेल्या बार्शी लाइट रेल्वेत एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी आणखी एक दक्षता घेतली : प्रत्येक कण्यावरचा भार ५ टनांच्या मर्यादेत ठेवला. भार सारखा वाटला गेल्याने हलके रूळही पुरले.

७/ रस्त्यावरच्या गाडीला वळणासाठी वेगळी युक्ती लागली. वळताना आतल्या चाकाने बाहेरच्यापेक्षा अधिक वळले पाहिजे. म्युनिकचे गाडीकारागीर लँकेनस्पर्गर यांच्या या रचनेचे इंग्लंडमधील पेटंट १८१८ साली अ‍ॅकरमन यांनी घेतले, आणि नाव अ‍ॅकरमन यांचेच रूढ झाले. १८२७ साली फ्रान्समध्ये पेकर यांनी दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या ‘डिफरन्शियल’चे पेटंट घेतले.

८/ थॉमसन (१८४५) आणि डनलप (१८८८) यांच्या हवेच्या टायरने झिजेला नवे कारण दिले. आता भार हवा पेलते. हवा कमी असेल, तर दोन्ही कडा झिजतात. जास्त असेल, तर मधला पट्टा. चाक उभ्या रेषेतून कलले असेल, तर एकच कड झिजते. पुढची चाके किंचित आत वा बाहेर वळलेली असतील, तर नक्षीला करवतीसारखी धार येते. शॉकअब्सॉर्बर निकामी झाले, की टायरवर जागोजागी खळगे पडतात.

९/ झीज कोणी सोसायची, हा प्रश्न मात्र केवळ यंत्राचा नव्हता. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चाले. त्याचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा यांनी बैलगाडीला रबरी टायर लावण्यास विरोध केला. धाव गावचा लोहार बसवतो. टायर कारखान्यातून येतो आणि गावचा पैसा बाहेर नेतो, हा त्यामागचा विचार होता.

१०/ काळाने कौल दुसरीकडे दिला. मराठवाड्यातील ऊसतोड कामगार आज ‘टायरगाडी’ हाकतात. रबरी चाकाने बैलांची ओढ हलकी केली, हे खरेच. पण धाव बसवणाऱ्या लोहाराच्या भट्टीचे कामही त्याबरोबर आटले, हेही तितकेच खरे.

११/ रेणापूरची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता भक्कम पायाशिवाय सपाट राहत नाही. गॅरेजमध्ये चाकांची रेषा जुळवून मिळते, पण पुढच्या खड्ड्यात ती पुन्हा बिघडू शकते. १७५३च्या कायद्याने चाकाला दोषी ठरवून सगळा भार गाडीवानावर टाकला. आजही खराब रस्त्याची किंमत अनेकदा टायरच्या रूपाने गाडीवालाच मोजतो. एका कडेने झिजलेला टायर फेकण्यापूर्वी म्हणूनच एकदा वाचावा : त्याच्यावर गाडीचाच नव्हे, रस्त्याचाही इतिहास उमटलेला असतो.