मीठ धुणारं घर

आजची केस नाशिकची. यात खून नाही. स्वयंपाकघर आहे, रुसलेली लव्ह स्टोरी आहे आणि घराण्याची एक जखम आहे.

गंगापूर रोडने पुढे, गोदेकाठी जलालपूर आहे. तिथे 1868 मध्ये मनकर्णिका गोखले जन्मली. तिच्या वडिलांचं सोवळं अफाट. बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट धुवायची. मीठसुद्धा! आता मीठ धुतल्यावर हातात काय उरणार, हे सांगायला बीटेकची गरज नाही. लहान पोरींचं बालपण या धुण्यापुसण्यातच गेलं.

पण माणूस असा का वागतो? रूट कॉज शोधायला थोडं मागे जावं लागतं. मनकर्णिकेच्या आईचे वडील, त्र्यंबकेश्वरचे जोगळेकर, यांना इंग्रजांनी 1857 च्या उठावात फाशी दिली. त्या धक्क्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळं शिरलं ते कायमचं. मला वाटतं, बाहेरच्या जगाची भीती त्यांनी चुलीपाशी अडवायचा प्रयत्न केला. त्रास मात्र झाला घरच्या बायकांना.

अकराव्या वर्षी मनकर्णिकेचं लग्न झालं आणि ती लक्ष्मी झाली. नवरा कोण? नारायण वामन टिळक, म्हणजे कवी रेव्हरंड टिळक. माणूस प्रेमळ, पण डोकं गरम. मनात आलं की घर सोडून चालू पडणार, हातातलं दुसऱ्याला देऊन टाकणार. आजच्या भाषेत रेड फ्लॅगच म्हणा. पण बायकोला लिहायला-वाचायला शिकवलं ते यांनीच.

1893 मध्ये आगगाडीत एका सहप्रवाशाने टिळकांना बायबल वाचायला दिलं. फेब्रुवारी 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मीठ धुणाऱ्या घरातली मुलगी, आणि नवरा ख्रिस्ती! पदरात चार वर्षांचा दत्तू. पुढे बरीच वर्षं नवरा एकीकडे, बायको नातेवाइकांकडे. या विरहातच लक्ष्मीबाई कविता करू लागल्या.

आता खरी गंमत बघा. त्या परत आल्या अहमदनगरला, पण धर्म बदलून नाही. नवऱ्यावर प्रेम होतंच, पण सोवळंही सोडवेना. स्वतःचं पाणी, स्वतःचा स्वयंपाक वेगळा. टिळकांनी बळजबरी केली नाही, आणि मला हा भाग सगळ्यात रोमँटिक वाटतो. मग विचार करता करता बाईंच्याच मनाने घेतलं की जातपात माणसांनी केलेली आहे, देवाने नाही. दुसऱ्यांच्या हातचं पाणी त्या पहिल्यांदा प्यायल्या, कुणी सांगितलं म्हणून नव्हे. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. पुढे त्यांच्या घरात कोण जेवायला येईल याचा नेम नसे. तरुण बालकवी ठोंबरेही तिथे घरच्यासारखे राहिले.

हे सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये स्वतःवर आणि नवऱ्यावर हसत हसत लिहिलंय. पहिला भाग 1934 चा. 1936 मध्ये त्या गेल्या, तेव्हा पुस्तक अपुरं होतं. शेवट पूर्ण केला तो त्याच दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईचं हे मराठी आजही इतकं बोलकं आहे की ऑडिओबुक ऐकतोय असं वाटतं.

पुढच्या भागात बालकवी. तोवर एखादी प्रत मिळवा, आणि वाचताना शेजारी खायला काहीतरी ठेवा. मीठ न धुता.