शिंगरापासून शिलेदारीपर्यंत

मराठ्यांच्या घोडदळाविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले आहे, ते बहुतांशी रणांगणाच्या बाजूने. कोणत्या सरदाराने किती मजल मारली, कोणते ठाणे घेतले, हे शाळकरी मुलांसही ठाऊक असते. ज्या घोड्यावर बसून ती मजल मारली, तो कोणी, कोठून व कोणाच्या पैशाने घेतला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आमच्या मते शिलेदारी ही जितकी तलवारीची, तितकीच काटकसरीची विद्या होती; आणि बेताच्या भांडवलाच्या गृहस्थास तिचे दार उघडे झाले ते पाठीवर खोगीर न पडलेल्या शिंगरामुळे.

बारगीर व शिलेदार यांतील भेद वाचकांस विदित आहेच. बारगिराचा घोडा सरकारच्या पागेतला. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई. सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची रचना दिली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. बारगिरास या सोयी आयत्या मिळत. शिलेदाराचा नाल, दाणा, औषध, सर्व त्याच्याच गाठीचे. मात्र वेतन घोड्यामागे मिळे, आणि घोड्याची प्रत पाहून ते ठरे. ज्याच्या दावणीस तीन घोडी, तो एकावर स्वतः बसून उरलेल्या दोहोंवर आपले बारगीर बसवी व तिघांचे वेतन उचली. घोडा ही अशी उत्पन्न देणारी मिळकत होती.

ती मिळवावयाची कशी? अरबस्तान व इराण येथील घोडी समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत उतरत. वाटेत कित्येक दगावत, आणि सौदागर तो तोटा जगलेल्या जनावरांवर चढवी. असा घोडा सरदाराच्या ऐपतीचा. सामान्य शिलेदाराची दृष्टी वळे ती भीमा नदीच्या काठाकडे. पुणे प्रांत व तेव्हाचे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, यांच्या पट्ट्यात देशी घोड्यांवर अरबी व इराणी वळू घालून भीमथडीची जात तयार झाली होती. अंगाने लहान, खुराची कठीण, थोड्या चाऱ्यावर लांब चालणारी. गावोगावचे पाटील व सधन कुणबी घोड्या बाळगीत आणि त्यांची शिंगरे विकीत. चार-पाच वर्षांच्या तयार घोड्यास जी किंमत पडे, तिच्या अंशाने वर्ष-दीड वर्षाचे शिंगरू हाती येई. उरलेली किंमत शिलेदार आपल्या श्रमाने व घरच्या कडब्याने भरून काढी.

येथे पारख आली. जुन्या लोकांचा अर्धा जीव अंगावरील भोवऱ्यांत गुंतलेला असे. शुभ भोवरा दिसला की किंमत चढे, अशुभ दिसला की उतरे. हाती पैसा थोडा असलेल्या चतुर माणसाने अशुभ भोवऱ्याचेच शिंगरू स्वस्तात घ्यावे, असे आम्हांस वाटते. भोवऱ्याने घोडा लंगडत नाही! खरी परीक्षा पायांची, छातीची आणि दातांची. अडीच वर्षांच्या सुमारास पुढचे दोन दुधाचे दात पडून कायमचे येतात, साडेतीनच्या सुमारास त्यांच्या शेजारचे, साडेचारच्या सुमारास कडेचे. पाचव्या वर्षी तोंड पुरे भरते. विकणारा वय वाढवून सांगतो, कारण कामाचे वय जवळ आले की मोल वाढते. म्हणून घेणाऱ्याने आधी ओठ उचलून पाहावे, मग बोलणे ऐकावे.

त्यानंतरची दोन वर्षे ही खरी कसोटी. प्रथम हातास सवय, खरारा, पाय उचलू देणे. मग लांब दोरीवर वर्तुळात फिरविणे. या फिरविण्यास कावा म्हणतात. याच शब्दास डावपेच असाही अर्थ आहे. दोहोंचा संबंध व्युत्पत्तिकारांनी पाहावा. तिसऱ्या वर्षी रिकामे खोगीर, मग हलका स्वार; पूर्ण ओझे चौथ्या वर्षाआधी नाही. उतावळेपणाने लवकर स्वार झालेला घोडा पायांतून जातो आणि दोन वर्षांची चंदी मातीस मिळते. ऐपतदार लोक चाबूकस्वार ठेवीत. गरिबाघरी हे काम बाप व मुलगा करीत. पावसाळ्यात फौजा छावणीस येत आणि दसऱ्यास मोहिमेवर निघत, तेव्हा फेरून तयार झालेला घोडा विकावयाचा तर दसऱ्यापूर्वीचे दिवस सोन्याचे.

धोका दारातच उभा असे. पाऊस चुकला की कडबा महाग होई, आणि शिंगरू ठेवावे की बी-बियाणे घ्यावे, हा प्रश्न घरात पडे. ते मेले, अथवा मोहिमेत घोडा पडला, तर शिलेदार दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर होऊन जाई; मान जाई व वेतनही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांच्या चाकरीत असलेल्या टोन नावाच्या आयरिश अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे की, घोडा मेल्यास नुकसान स्वाराचेच असल्याने तो त्यास जपतो व धोक्यात घालीत नाही. यास भ्याडपणा म्हणणारांनी त्या घोड्यामागची दोन वर्षे मोजावीत. पानिपतावर १७६१ साली जी जनावरे गेली, त्यांत अशी किती घरे बुडाली असतील!

१८१७ च्या पुणे तहान्वये उभारलेल्या पुणे घोडदळासारख्या पथकांत इंग्रजांनीही हीच पद्धत उचलली. शिलेदार हा शब्द त्यांच्या तोंडी ‘सिल्लादार’ झाला. भरती होणाऱ्याने घोड्यासाठी रक्कम भरावयाची, असा नियम पहिल्या महायुद्धापर्यंत चालला. त्या युद्धाच्या खर्चापुढे तो टिकला नाही व १९२१ च्या सुमारास बंद झाला.

आमच्या ज्ञातिबांधवांपैकी ज्यांच्या घरी जुन्या दप्तरांत दाणा-वैरणीचे, नालबंदीचे वा घोड्यांच्या खरेदीचे कागद असतील, त्यांनी ते रद्दीत न घालता मंडळास दाखवावेत, ही विनंती. मार्गशीर्षात तापीकाठी सारंगखेड्यास दत्ताच्या व नांदेडकडे माळेगावास खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार आजही भरतो, आणि शिंगराचा ओठ उचलून दात पाहणारे गिऱ्हाईक तेथे अद्याप दिसते.