नर्सीची परतवारी: एका तिथीची कुळकथा

हिंगोली शहरापासून वीसेक किलोमीटरवर, कयाधू नदीच्या काठी, नर्सी नामदेव हे गाव आहे. एरवी ते या जिल्ह्यातल्या कुठल्याही गावासारखंच. सोयाबीन, कापूस, हळद, हरभरा ही पिकं, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात आटणारी नदी, काठावर नामदेवांचं मंदिर आणि त्यांच्याच नावाचा गुरुद्वारा. आषाढ वद्य एकादशीला मात्र या गावात पाय ठेवायला जागा राहत नाही. हिंगोली, परभणी, नांदेड, वाशीम, बुलडाणा या पट्ट्यातून लाखांच्या घरात माणसं येतात, नामदेवांचं दर्शन घेतात आणि वारी पुरी झाली असं समजून घरचा रस्ता धरतात. या यात्रेला परतवारी म्हणतात. पंढरपूरची आषाढी झाली तरी नर्सीला डोकं टेकवल्याशिवाय वारी पूर्ण होत नाही, अशी या भागातली श्रद्धा आहे. परतवारी का भरते, याचं उत्तरही सहज मिळतं: पंढरीहून परतणारे वारकरी वाटेत नामदेवांच्या जन्मगावी थांबत गेले आणि थांबता थांबता त्याची यात्रा झाली. हे उत्तर खोटं नाही, पण ते निम्मं आहे. वाटेवर पडणाऱ्या प्रत्येक गावी यात्रा भरत नाही, आणि जिथे भरते तिथे ती नेमक्या एका तिथीला का भरावी, हे या उत्तरातून कळत नाही. परतवारीचं मूळ शोधायचं तर वाटेपेक्षा तिथीकडे अधिक बारकाईने पाहायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

आधी चालण्याचा हिशोब करू. आषाढीला आलेला वारकरी एकादशीलाच पंढरपूर सोडत नाही. पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो आणि त्यानंतर पालख्या परतीला लागतात. पौर्णिमेपासून वद्य दशमीच्या संध्याकाळपर्यंत हातात दहा दिवस उरतात. पंढरपूर ते नर्सी हे अंतर आजच्या रस्त्यांनी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे रोज तीस-बत्तीस किलोमीटर, तेही आषाढाच्या पावसात, चिखल तुडवत. पट्टीच्या चालणाऱ्याला हे अशक्य नाही, पण सोपंही नाही. कुठे मुक्काम वाढवला, कुणाचं अंग तापलं, एखाद्या ओढ्याला पूर आला, की हिशोब कोलमडतो. आता तिथी जर चालणाऱ्यांच्या सोयीने ठरली असती, तर ती अमावास्येला किंवा थेट श्रावणात सरकायला काही हरकत नव्हती. इतकी अडचणीची मुदत कोणी आपणहून घालून घेत नाही. तिथी आधी होती आणि तिला गाठण्यासाठी पावलं उचलली गेली, असंच हा हिशोब सुचवतो.

यावर एक आक्षेप लगेच येईल आणि तो वजनदार आहे. माउलींची पालखी परतीच्या वाटेने आळंदीला पोहोचते ती वद्य दशमी-एकादशीच्या सुमारास, आणि तुकोबांची पालखी देहूला येते तीही वद्य एकादशीला. जाताना अठरा-वीस दिवस घेणाऱ्या पालख्या येताना दहा-अकरा दिवसांत घरी येतात. मग नर्सीचंच वेगळं काय? परतणाऱ्यांनी पुढची एकादशी गाठायची, हा वारकऱ्यांचा सर्वसाधारण रिवाजच दिसतो. हे मान्य करायला हवं. एकादशी गाठण्याची ओढ सगळीकडे आहे. पण फरक यात्रेच्या आकारात आहे. आळंदी-देहूला त्या दिवशी आपली पालखी घरी आल्याचा आनंद असतो; तिथली वर्षातली मोठी गर्दी त्या दिवसाची नव्हे. आळंदीची मोठी यात्रा कार्तिक वद्यात, देहूची फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे तुकाराम बीजेला. नर्सीत मात्र हाच दिवस वर्षाचा मुख्य दिवस आहे. परतीच्या चालीतून फार तर थांबण्याचं कारण मिळतं. वर्षाचा मोठा दिवस हाच का, याचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

ते पंचांगातच आहे. परंपरेनुसार नामदेवांनी समाधी घेतली ती शके १२७२ च्या आषाढ वद्य त्रयोदशीला, म्हणजे १३५० साली, पंढरपुरात विठ्ठलमंदिराच्या महाद्वारी, जिथे आज नामदेव पायरी आहे. परतवारीची एकादशी या त्रयोदशीच्या बरोबर दोन दिवस आधी येते. हा योगायोग म्हणून सोडून देता आला असता, पण वारकरी पंचांगात याची जुळी जोडी आहे. ज्ञानेश्वरांची समाधी शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीची, आणि आळंदीची यात्रा भरते कार्तिक वद्य एकादशीला. एकादशीला गर्दीचा कळस, त्रयोदशीला समाधीचा सोहळा, हाच साचा दोन्हीकडे आहे. आणि हा साचा नामदेवांच्या परंपरेला परका नाही. ज्ञानदेवांच्या समाधीचं वर्णन आपल्याला मिळतं ते नामदेवांच्या नावावरच्या अभंगांतून, आणि आजही कार्तिकात नामदेवांची पालखी पंढरपूरहून आळंदीला जाते. आळंदीची एकादशी-त्रयोदशी ज्यांच्या अंगवळणी पडली होती, त्यांनी नामदेवांसाठीही तीच जोडी धरली असेल, तर त्यात नवल नाही.

इथे दुसरा आक्षेप उभा राहतो. समाधी पंढरपुरात, मग तिची यात्रा नर्सीत का? जन्मगावाने जन्मतिथी साजरी करावी, पुण्यतिथी समाधीच्या गावाने. पैठणजवळच्या आपेगावात ज्ञानेश्वरांचा जन्मसोहळा श्रावण वद्य अष्टमीला होतो आणि समाधीचा आळंदीत, तसं नर्सीत का झालं नाही? माझ्या मते या प्रश्नाच्या उत्तरातच परतवारीची खरी कुळकथा आहे. नामदेवांचा जन्म शके ११९२ च्या कार्तिक शुद्ध एकादशीचा, म्हणजे २६ ऑक्टोबर १२७० चा मानतात. कार्तिक शुद्ध एकादशी म्हणजे पंढरपूरची कार्तिकी. ज्या दिवशी नर्सीने नामदेवांचा जन्म साजरा करायचा, त्याच दिवशी चालू शकणारा प्रत्येक वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटात असतो. विठ्ठलाची एकादशी सोडून त्याच्या भक्ताच्या जन्मगावी या, असं कोणी वारकऱ्याला सांगणार नाही, आणि सांगितलं तरी तो ऐकणार नाही. खुद्द नामदेवांनाही ते रुचलं नसतं. जयंती गावात होत राहिली, पण तिला मोठ्या यात्रेचं रूप येणं शक्य नव्हतं. जन्मतिथी कार्तिकीखाली दबली आणि गावाकडे उरली ती दुसरी तिथी. ती नेमकी अशा दिवसांत पडत होती, जेव्हा मराठवाड्या-वऱ्हाडातले वारकरी पंढरीहून घराकडे चालत होते.

पंढरीच्या वारीने गावाच्या तिथीला धक्का दिल्याचं हे एकच उदाहरण असतं, तर हा तर्क मीही जरा दबकत मांडला असता. पण त्र्यंबकेश्वर पाहा. निवृत्तिनाथांची समाधी ज्येष्ठ वद्य द्वादशीची. तिथली मोठी यात्रा मात्र भरते पौष वद्य एकादशीला. ज्येष्ठ वद्यात निवृत्तिनाथांची पालखी आषाढीसाठी आधीच वाटेला लागलेली असते, आणि सोहळ्याचा मानकरीच वाटेवर असेल तर यात्रा कुठे भरायची? थंडीतली एक रिकामी एकादशी त्र्यंबकला सोयीची पडली असावी. म्हणजे आषाढी आणि कार्तिकी या दोन वाऱ्या पक्क्या धरायच्या, आणि संतांच्या गावांच्या यात्रा त्यांच्या आगेमागे जिथे जागा मिळेल तिथे बसवायच्या, असा या पंचांगाचा अलिखित कायदा दिसतो. नर्सीची परतवारी त्याच कायद्याने बसलेली आहे.

आषाढ वद्यात पंढरीकडून बाहेरच्या दिशेने जाण्याची रीतही नर्सीपुरती नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणला सावता माळी यांची समाधी आषाढ वद्य चतुर्दशीची, नामदेवांच्या समाधीच्या दुसऱ्याच दिवशीची. सगळ्या संतांच्या पालख्या विठ्ठलाला भेटायला जातात, पण सावतोबांना भेटायला विठ्ठलाचीच पालखी अरणला येते, हा तिथला मान. शुद्ध पक्षात सगळा ओघ पंढरीकडे आणि वद्य पक्षात तोच ओघ संतांच्या गावांकडे, ही आषाढाची दुहेरी चाल आहे. आपल्या लिहिण्या-बोलण्यात तिचा पहिला अर्धाच येतो. दूरदर्शनचे कॅमेरेही शुद्ध एकादशीच्या पहाटेची शासकीय महापूजा झाली की आवरतात.

आता जन्मगावाचा वाद. नामदेवांचं मूळ गाव परंपरेत नरसी-बामणी असं येतं. ते कोणतं यावर अभ्यासकांत एकमत नाही. काही जण हिंगोलीचं नर्सी मानतात, काही कृष्णाकाठचं कऱ्हाडच्या बाजूचं नरसिंगपूर मानतात, तर काहींच्या मते जन्म पंढरपुरातच झाला. हिंगोलीच्या बाजूने बोलणारे कधी कधी असंही सुचवतात की कयाधू हे प्रल्हादाच्या आईचं नाव आणि नर्सी हे नरसिंहाचं, तेव्हा भक्तराजाचा जन्म इथेच शोभतो. हा पुरावा नव्हे. नरसिंह कृष्णाकाठीही आहेच. जनाबाईंचं गंगाखेड आणि नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांच्याशी जोडलेलं औंढा नागनाथ, ही दोन्ही ठिकाणं याच परिसरात आहेत. हा पुरावा जास्त जड वाटतो, तरी तोही निर्णायक नाही. मात्र परतवारीच्या उगमासाठी हा वाद मिटण्याची गरज नाही. प्रथा उभी राहते ती लोकांनी काय खरं मानलं यावर. कृष्णाकाठचं नरसिंगपूर पंढरपूरच्या नैर्ऋत्येला आहे. गोदावरी आणि पैनगंगेच्या खोऱ्यात परतणाऱ्याच्या वाटेवर ते येतच नाही. कयाधूकाठचं नर्सी येतं. या पट्ट्यातल्या वारकऱ्याने आपल्या पायांनी एक गाव निवडलं आणि दरवर्षी तिथे थांबून ती निवड पक्की केली.

शेतीचाही यात हात आहे. आषाढ शुद्धात पेरण्यांची घाई असते. मृग कोरडा गेला तर पेरणी लांबून थेट वारीच्या दिवसांत येते. वद्य पक्षापर्यंत बहुधा पेरण्या आटोपलेल्या असतात आणि कोळपणी-खुरपणीत एक दिवस काढता येतो. ज्याला पंढरी साधली नाही, त्याला नर्सी साधते. त्यात राजकीय सीमेचीही भर पडत होती. सप्टेंबर १९४८ पर्यंत नर्सी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि पंढरपूर मुंबई इलाख्यात, म्हणजे मराठवाड्यातल्या वारकऱ्याची वारी दुसऱ्या राज्यात जाऊन परत येण्याची होती. तेव्हा आपल्याच मुलखात नामदेवांपाशी वारी पुरी करण्याला अधिक अर्थ असणार.

यावरही कोणी म्हणेल की हे सगळं बाहेरून लावलेलं शहाणपण आहे; लोक परतताना थांबले, एवढंच खरं. या म्हणण्याची कसोटी घ्यायला विसावं शतक उपयोगी पडतं. बार्शी लाइट रेल्वे १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. पुढे एसटी आली, मग जीप आणि टेम्पो आले. आज हिंगोलीचा माणूस आषाढी करून दुसऱ्या दिवशी घरी असतो. परतीचा मुक्काम हेच परतवारीचं एकमेव कारण असतं, तर गाडीने परतणाऱ्यांची यात्रा विखरून गेली असती किंवा एकादशीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सरकली असती. तसं झालं नाही. लोक पंढरीहून घरी येतात, शेतात कामाला लागतात आणि दहा-पंधरा दिवसांनी घरून निघून नर्सीला येतात. नावात परत आहे, पण आता बहुतेकांची ही परत नव्हे, नवी निघालेली वारी आहे. चालणं सुटलं तरी तिथी टिकली, कारण तिचा आधार चालण्यात नव्हताच.

ही यात्रा किती जुनी, याबद्दल एक अंदाज मांडता येतो. गावोगावच्या दिंड्या जुन्या आहेत, पण तुकोबांची पालखी नारायण महाराजांनी १६८५ मध्ये सुरू केली आणि माउलींच्या पालखीला आजचं रूप हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात दिलं. परतीच्या वेळापत्रकाची शिस्त त्यानंतर घट्ट झाली असावी, आणि परतवारीचं आजचं रूपही त्याच सुमाराचं असावं. तिथीचं बीज मात्र त्याहून जुनं. ते वारकरी परंपरेतलंच आहे, हे पंजाबकडे पाहिल्यावर अधिक स्पष्ट होतं. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानशी त्यांचं नातं मानतात आणि तिथला मेळा माघात भरतो. नर्सीत गुरुद्वारा उभा राहिला, शीख भाविक येऊ लागले, तरी आषाढ वद्याची तिथी बदलली नाही. ती पंढरपूरच्या पायरीवरून आलेली आहे.

म्हणूनच नर्सीला जाणाऱ्यांना एक सुचवावंसं वाटतं. बहुतेक जण एकादशीला दर्शन घेऊन लगेच माघारी फिरतात. शक्य असेल त्यांनी द्वादशीचं पारणं गावातच सोडावं आणि त्रयोदशीपर्यंत थांबावं. यात्रेचं मूळ त्या दिवसात आहे.