शुगर किती आली?

जानेवारी उजाडला की निफाड-दिंडोरीच्या बागांत एकच प्रश्न : "शुगर किती आली?" मणी चुरडून रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकतात, आकडा १८ ब्रिक्सच्या आसपास दिसला की बागायतदाराचा चेहरा खुलतो. हाच प्रश्न नाशिक शहरातल्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबच्या दारातही ऐकू येतो. तिथे आकडा चढला की चेहरे उतरतात.

शब्दांच्या वंशावळीत मात्र दोन्हीकडे द्राक्षच आहे. रक्तात मोजतात ते ग्लुकोज. द्राक्षाच्या ताज्या, न आंबलेल्या रसाला ग्रीकमध्ये 'ग्लेउकोस' म्हणत. त्यावरून १८३८ साली फ्रान्समध्ये हे नाव पडले. त्याआधी १७४७ मध्ये मार्गग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ही साखर मनुकांमधून वेगळी काढली होती. जर्मन माणूस तिला आजही 'द्राक्षसाखर' म्हणतो आणि मराठी शास्त्रलेखनातही तिचे नाव 'द्राक्षशर्करा'च. नाशिककरांनी तरी हा शब्द मोडीत काढायला नको होता.

'शर्करा'ची कथा आणखी मजेची. संस्कृतात तिचा मूळ अर्थ खडे, वाळू, रेव. उसाचा रस आटवून रवाळ पदार्थ हाती आला, तेव्हा त्याला या खड्यांचेच नाव मिळाले. पुढे शर्करेची फारसीत 'शकर' झाली, अरबीत 'सुक्कर', आणि युरोपातून फिरून ती 'शुगर' होऊन आपल्याकडे परतली. इथे घरी राहिलेली बहीण प्राकृताच्या वाटेने 'साखर' झालेली होती. "साखर नको, मला शुगर आहे," असे आपण सहज म्हणतो, तेव्हा एकच शब्द दोनदा उच्चारतो. सुश्रुताच्या परंपरेतल्या वैद्याला मात्र "लघवीत शर्करा आहे" असे सांगितले असते, तर त्याने मूतखड्याचे औषध दिले असते! तिथे शर्करा म्हणजे फुटलेल्या खड्याची रेव.

गोड लघवीच्या विकाराला या वैद्यांचा शब्द होता मधुमेह. 'मेह' हा 'मिह्' धातूवरून आला : शिंपणे, मूत्र विसर्जित करणे. निरुक्तकार यास्काने 'मेघ' शब्दही याच धातूवरून साधला आहे, म्हणजे आभाळातला मेघ आणि मधुमेहातला मेह एका घरचे. चरकाने प्रमेहाचे, म्हणजे मूत्रविकारांचे, वीस प्रकार मोजले, दहा कफाचे, सहा पित्ताचे, चार वाताचे; मधुमेह या शेवटच्या चारांतला. मूत्राकडे मुंग्या धावतात, हे निरीक्षणही चरकसंहितेतच आहे. ग्रीक 'डायबेटिस'ला गोडीचा पत्ताच नव्हता. त्याचा अर्थ 'आरपार वाहून जाणारे', कारण प्यालेले पाणी तसेच निघून जाते. मधाचा 'मेलिटस' त्याला खूप नंतर चिकटला.

मधुमेह हे लक्षणाचे नाव आहे. 'शुगर' मात्र थेट साखरेच्या डब्यावर आळ घेते, आणि मला हा शब्द इथेच खटकतो. चहातली साखर बंद होते, गुळाचा चहा सुरू होतो. पण गुळातही बहुतांश तीच ऊसशर्करा. चरकाने प्रमेहाच्या कारणांत गुळाचे पदार्थ नाव घेऊन सांगितले आहेत. सोबत नवे धान्य, दही, आणि बसून-झोपून राहण्याचे सुखही. एकादशीची साबुदाण्याची खिचडी जिभेला गोड लागत नाही, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि पिष्टाची पोटात द्राक्षशर्कराच होते. पॉलिश केलेला भात, मैद्याचा पाव, चिवड्यातले पोहे यांचेही तेच. पेठ-सुरगाण्याची नागलीही पिष्टमयच, फक्त तिच्यात तंतू जास्त. म्हणून भाकरी बरी; साखर घातलेली नागलीची बिस्किटे खाऊन पथ्य पाळल्याचे समाधान तेवढे मिळते.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. वाढलेला पोटाचा घेर, बैठे काम आणि घरातला वारसा यांचा त्यात मोठा वाटा असतो. गोड पेयांनी धोका वाढतो, पण एकट्या साखरेवर सगळे ढकलता येत नाही. लहान मुलांत अधिक दिसणारा पहिला प्रकार तर वेगळाच : तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. अशा मुलाच्या आईला "फार चॉकलेटं खाऊ घातलीत" म्हणणे हे निव्वळ अज्ञान, आणि दुष्टपणाही.

'पथ्य' या शब्दाकडेही जरा बघा. पाणिनीने तो 'पथिन्', म्हणजे वाट, यावरून साधला : वाटेपासून न ढळलेले ते पथ्य. त्याच सूत्रात 'धर्म्य' आणि 'न्याय्य'ही आहेत. आपण मात्र पथ्याचा अर्थ 'काय खायचे नाही' एवढाच करून ठेवला. खरे तर वाटेवर चालणेही पथ्यातच यायला हवे. अमेरिकेतल्या २००२ सालच्या मोठ्या चाचणीत धोक्याच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी वजन ७ टक्के उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्याचे ध्येय ठेवले. तुलनेच्या गटाच्या मानाने त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत आणि उंबरठ्यावरचे १३ कोटींच्या वर. रक्तशर्करेचा उपाशीपोटीचा आकडा (मिग्रॅ प्रति डेसिलिटर) १०० ते १२५ असेल, तर तुम्हीही उंबरठ्यावर असू शकता. तिशी ओलांडली असेल आणि घरात कुणाला मधुमेह असेल, तर चहातल्या साखरेची चर्चा बाजूला ठेवा आणि एकदा रक्त तपासून घ्या.