डोंगरांतील स्टेशनें व त्यांचे राखणदार

इंग्लंडच्या उत्तर भागांत, यॉर्कशरच्या उघड्या माळावर, रिबलहेड नांवाचें एक लहानसें रेल्वे स्टेशन आहे. आसपास गांव म्हणण्यासारखें कांहीं नाहीं. चार घरें, मेंढ्यांचीं कुरणें आणि बारमाही वारा, एवढाच तेथला संसार. अशा जागीं दगडी भिंतींचें, उतरत्या छपराचें, लाकडी झालरींचें नीटस स्टेशन कोणीं बांधलें, आणि शंभर वर्षांनंतर मोडीत निघालेलें तें कोणीं राखलें, याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

हें स्टेशन सेटल ते कार्लाइल या सुमारें ७२ मैलांच्या लोहमार्गावर आहे. मिडलंड रेल्वे कंपनीला स्कॉटलंडकडे जाण्यास स्वतःचा मार्ग नव्हता. प्रतिस्पर्धी कंपनीच्या रुळांवरून जावें तर ती वाटेंत अडवणूक करी. म्हणून १८६६ सालीं मिडलंडनें पार्लमेंटाकडून नव्या मार्गाची परवानगी मिळविली. पुढें दोन्ही कंपन्यांची तडजोड झाली, व या खर्चाच्या कामांतून अंग काढून घ्यावें असें मिडलंडला वाटूं लागलें. परंतु पार्लमेंटानें तशी मोकळीक दिली नाहीं. जो मार्ग पुढें राज्यकर्त्यांना जड झाला, तो त्यांच्याच पूर्वजांनीं कंपनीच्या इच्छेविरुद्ध तिच्याकडून बांधून घेतला होता!

१८६९ सालीं काम सुरू झालें आणि १ मे १८७६ रोजीं उतारूंच्या गाड्या धांवूं लागल्या. चौदा बोगदे आणि वीसांहून अधिक मोठे पूल बांधावे लागले. रिबलहेडचा पूल चोवीस कमानींचा, १०४ फूट उंच. त्याच्या पायथ्याशीं मजुरांच्या झोंपड्यांचें एक गांवच उभें राहिलें होतें. तेथें देवीची सांथ आली, अपघातही झाले. जवळच्या चॅपल-ले-डेल येथील लहानशा चर्चच्या आवारांत त्या काळीं दोनशेंहून अधिक माणसें पुरलीं गेलीं. त्यांत बायकामुलेंही पुष्कळ होतीं. आज गाडींतून पूल पाहून वाहवा करणाऱ्यांपैकीं थोडेच लोक त्या आवारांत जात असतील.

स्टेशनांचे नकाशे कंपनीचे शिल्पकार सँडर्स यांनीं काढले. घडण एकच, पण आकार तीन: लहान, मध्यम व मोठा. कोठें करडा दगड, कोठें तांबडा, तर अॅपलबीसारख्या ठिकाणीं वीट. मात्र या इमारतींचें खरें महत्त्व त्यांच्या घडणींत नव्हे. डोंगरांतल्या विखुरलेल्या वस्तीला एकत्र जमण्यास दुसरी जागाच नव्हती. रिबलहेडच्या तिकीटघरांत रविवारची उपासना चाले. गार्सडेल येथें उतारूंच्या खोलींत पुस्तकांचा संग्रह असे, आणि इंजिनाला पाणी देणाऱ्या टांकीखालच्या दगडी खोलींत गांवकऱ्यांचे नाचगाण्याचे मेळावे भरत. याच गार्सडेलची एक गोष्ट सांगतात: इंजिन फिरविण्याच्या चक्रावर चढविलेलें एक इंजिन वाऱ्यानें असें धरलें कीं तें भोंवऱ्यासारखें गरगर फिरूं लागलें व कोणाच्यानें थांबवेना. पुढें त्या चक्राभोंवतीं लाकडी स्लीपरांचें उभें कुंपण घालण्यांत आलें.

मोटारींचा जमाना आला आणि उतारू घटले. मे १९७० मध्यें सेटल व अॅपलबी सोडून मार्गावरचीं बाकीचीं स्टेशनें बंद झालीं. खिडक्या फुटल्या, छपरें गळूं लागलीं, कांहीं इमारती खासगी मालकीच्या झाल्या. रिबलहेडचा तर एक फलाटच काढून टाकण्यांत आला. १९७५ पासून सुट्टीच्या दिवसांत फिरावयास येणारांकरितां खास गाड्या या बंद स्टेशनांवर थांबूं लागल्या, एवढाच काय तो दिलासा. संपूर्ण मार्गावरच गदा येणार अशी कुणकुण लागतांच १९८१ सालीं ‘सेटल-कार्लाइल मार्गाचे मित्र’ या अर्थाच्या नांवाची एक संस्था स्थापन झाली. १९८३ सालीं मार्ग बंद करण्याची सूचना निघाली. रिबलहेडच्या पुलाच्या दुरुस्तीला न परवडणारा खर्च येईल, हें मुख्य कारण सांगण्यांत आलें.

या मंडळींनीं नुसते अर्ज केले असते तर ते दप्तरांत पडून राहिले असते. अर्ज तर त्यांनीं केलेच. बावीस हजारांहून अधिक हरकती दाखल झाल्या. त्यांतली एक रसवार्प नांवाच्या कुत्र्याची होती. तो तिकीट काढून प्रवास करी, म्हणून त्याच्या पंजाचा ठसा हरकत म्हणून रीतसर स्वीकारण्यांत आला. परंतु याहून महत्त्वाचें काम म्हणजे लोकांना गाडींत बसविणें. त्यांत त्यांना अनपेक्षित साथ मिळाली. मार्ग गुंडाळण्यासाठीं नेमलेले रेल्वेचे अधिकारी रॉन कॉटन यांनींच स्वस्त तिकिटें काढून उतारू वाढविले. १९८६ च्या जुलैंत आठ लहान स्टेशनें पुन्हां रोजच्या गाड्यांना उघडलीं. १९८३ सालीं वर्षाला सुमारें ९३ हजार असलेले प्रवास १९८९ पर्यंत साडेचार लाखांवर गेले. पुलाची दुरुस्तीही प्रथमच्या अंदाजाहून पुष्कळ कमी खर्चांत होण्यासारखी निघाली. शेवटीं ११ एप्रिल १९८९ रोजीं वाहतूक खात्याचे मंत्री मायकेल पोर्टिलो यांनीं मार्ग चालूं राहील असें जाहीर केलें.

लढाई जिंकल्यावर सभा मोडतात, हा सर्वत्रचा अनुभव. येथें तसें झालें नाहीं. इमारतींच्या जीर्णोद्धारासाठीं एक स्वतंत्र विश्वस्त संस्था निघाली. १९९३ सालीं रिबलहेडला काढून टाकलेल्या फलाटाच्या जागीं नवा फलाट झाला. पुढें इमारतही दुरुस्त होऊन तेथें मार्गाच्या इतिहासाचें प्रदर्शन मांडलें गेलें. सेटलची जुनी सिग्नलची केबिन जागेवरून उचलून फलाटाशेजारीं आणण्यांत आली आणि स्वयंसेवकांनीं तिचे दांडे व तारा पुन्हां हलत्या केल्या. कोणी फुलझाडें लावतो, कोणी दिव्यांच्या खांबांना रंग देतो, कोणी गाडींत उतारूंना खिडकीबाहेरची माहिती सांगतो. यांत निवृत्त माणसें बरींच. कोणाला पगार नाहीं; पावसांत कुंचला वाळत नाहीं ही तक्रार मात्र सर्वांची.

रसवार्पचा धनी हा ‘मित्र’ संस्थेच्या संस्थापकांपैकीं एक. मार्ग वांचल्यावर वर्षही पुरें झालें नव्हतें, तोंच जानेवारी १९९० मध्यें तो कुत्र्यासह वेल्सच्या डोंगरांत फिरावयास गेला, तो परत आला नाहीं. अकरा आठवड्यांनंतर, एप्रिलांत, त्याचा मृतदेह एका ओढ्याकांठीं सांपडला. म्हातारा रसवार्प भर हिवाळ्यांत तेथेंच बसून होता. तो इतका अशक्त झाला होता कीं त्याला उचलून आणावें लागलें. धन्याच्या अंत्यविधीपुरता तो जगला.

गार्सडेलच्या फलाटावर ११ एप्रिल २००९ रोजीं, म्हणजे मार्ग वांचल्यास वीस वर्षें झालीं त्या दिवशीं, रसवार्पचा ब्राँझचा पुतळा बसविण्यांत आला. कार्लाइलकडे जाणारी गाडी तेथें थांबते.